कलम : बोरूपासून कायद्यापर्यंत

(वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर कोणी बोलायला उभा राहिला म्हणजे तो कलमेची थोरवी गाणार आणि तलवारीशी तिची तुलना करणार, हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. मी आज ते काम दुसऱ्या वक्त्यांसाठी ठेवतो. आपण ‘कलम’ हा शब्दच हातात घेऊन पाहू. तो कुठून निघाला, लॅटिनमध्ये आणि स्पेनमध्ये त्याचे काय झाले, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत तो कसा रुळला आणि आपल्या मराठीने त्याला कोणकोणत्या कामाला लावले, हे सांगून मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात येऊन थांबणार आहे. या शब्दाचा एक अर्थ दुसऱ्या अर्थावर कसा स्वार होतो आणि त्यात माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न कसा अडकतो, हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते, त्यांना कलम म्हटले की लिहिण्याचे साधन आठवते. मराठी शाळेतल्या मुलाला विचारा, तो म्हणेल, आंब्याचे कलम. कचेरीत नोकरी करणाऱ्याला विचारा, तो उलट विचारील, कोणत्या कायद्याचे कलम? गंमत पाहा. कायद्याच्या कलमाला उर्दूत ‘दफा’ म्हणतात, हिंदीत ‘धारा’ म्हणतात. मराठीने मात्र लिहिण्याच्या साधनाला लेखणी, बोरू, टाक, पेन अशी नावे दिली आणि ‘कलम’ हा शब्द मुख्यतः कायदा आणि रोपवाटिका यांच्यासाठी राखून ठेवला. लिंगाच्या बाबतीतही या शब्दाने सर्वांना दमवले आहे. उर्दूतले कित्येक लेखक ‘मेरा कलम’ लिहितात, हिंदीवाले ‘मेरी कलम’ म्हणतात, आणि मराठीत कायद्याचे ते नेहमी नपुंसकलिंगी, ‘ते कलम’. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी तिन्ही लिंगे वापरून झालेला शब्द आहे हा. परीक्षेत विद्यार्थ्यांचे गुण कापताना शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता मुळाकडे जाऊ. प्राचीन ग्रीक भाषेत ‘कालामोस’ म्हणजे बोरू. बोरू हा शब्द आपल्याकडे वनस्पतीचाही आहे आणि लेखणीचाही, तसेच ग्रीकांचे होते. नदीकाठी उगवणारे पोकळ दांड्याचे गवत म्हणजे कालामोस, त्या दांड्याची केलेली लेखणी म्हणजे कालामोस, आणि त्याची बासरी केली तर तीही कालामोसच. म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ ‘गवत’. लेखणी हा पुढचा. एवढे एक सूत्र आपण शेवटपर्यंत धरून ठेवू.

रोमन लोकांनी तो शब्द उचलून ‘कालामुस’ केला. त्यांच्या घरी याच कुळातला स्वतःचा एक शब्द आधीपासून होता, ‘कुल्मुस’, म्हणजे गवताचा किंवा धान्याचा दांडा. हा घरचा शब्द मेला नाही. बांबूच्या एका सरळ काठीला वनशास्त्राच्या इंग्रजीत आजही ‘कल्म’ म्हणतात. म्हणजे वनखात्याच्या कार्य आयोजनेत बांबूची मोजदाद इंग्रजीतून होते तेव्हा नकळत आपलाच विषय लिहिला जात असतो. लॅटिन ‘कालामुस’पासून एक वाक्प्रचार निघाला, तो जगभरचे वकील वापरतात : ‘लाप्सुस कालामी’, म्हणजे बोरू घसरला, लिहिताना हस्तदोष झाला. हा वाक्प्रचार लक्षात राहू द्या, पुढे तो आपल्याला लागणार आहे.

स्पेनमधील सेव्हिल शहरात इसिदोर नावाचा एक विद्वान ख्रिस्ती धर्माध्यक्ष होऊन गेला. त्याचे निधन इ. स. ६३६ मधले. त्याने एक प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याचे नावच ‘व्युत्पत्ती’ असे आहे. जगातल्या यच्चयावत वस्तूंची नावे कशी पडली, हे त्यात सांगितले आहे. त्याच्या कितीतरी व्युत्पत्ती आज कोणी मान्य करणार नाही, पण माणूस मोठा जिज्ञासू होता. लेखकाची हत्यारे दोन, असे तो सांगतो. एक कालामुस, दुसरे पीस. त्यातले पीस पक्ष्याचे, आणि कालामुस झाडाचा. बोरूला त्याने झाडाच्या खात्यात टाकले! या घटनेचाही आपण पुढे उपयोग करू. युरोपने पुढे बोरू सोडून पीस धरले. पिसाला लॅटिनमध्ये ‘पेन्ना’ म्हणतात, त्याचेच इंग्रजीत ‘पेन’ झाले. तेव्हा आपल्या खिशातले पेन मुळात पक्ष्याचे पीस आहे आणि कलम हे मुळात गवत आहे. आता दोन्ही प्लॅस्टिकची मिळतात.

इसिदोरचा काळ मी मुद्दाम सांगितला. तो ज्या दशकांत सेव्हिलला बसून लिहीत होता, त्याच दशकांत अरबस्तानात कुरआन शरीफचे अवतरण झाले. परंपरेने सर्वप्रथम अवतीर्ण मानल्या जाणाऱ्या आयती सूरह अल्-अलकमधल्या आहेत, आणि त्यांत कलमेचा उल्लेख आहे, हे या सभागृहातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. अडुसष्टाव्या सूरहचे नावच ‘अल्-कलम’. सूरह लुकमानमध्ये ‘कलम’चे अनेकवचन ‘अक्लाम’ येते, आणि तेही पृथ्वीवरच्या झाडांच्या संदर्भात येते. अरबी कोशकारांनी हा शब्द छाटणे, कापणे या अर्थाच्या धातूशी जोडला. नखे कापण्याला अरबीत ‘तकलीम’ म्हणतात. तिरका काप दिल्याखेरीज बोरू लिहीत नाही, तेव्हा ही जोडणी सहज पटण्यासारखी आहे. आधुनिक भाषापंडित मात्र अरबी ‘कलम’ ग्रीक ‘कालामोस’पासूनच आला असे मानतात. तो हबशी लोकांच्या गीझ भाषेतून आला की सिरियाकमधून, एवढ्यापुरता त्यांच्यात मतभेद आहे. मला यात अडचण वाटत नाही. शब्द परका असला म्हणून त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. आणि अरबीत ‘छाटणे’ हा जो अर्थ त्याला येऊन चिकटला, त्याच्या जोरावरच आपले हापूस आंबे उभे आहेत, ते कसे, हे पुढे सांगतो.

इ. स. ७११ मध्ये मुसलमान सैन्य स्पेनमध्ये उतरले आणि तिथे एक नवलाची भेट झाली. उत्तरेकडून आलेला ‘कालामुस’ आणि दक्षिणेकडून आलेली ‘कलम’ ही एकाच घरची दोन भावंडे शेकडो वर्षांनी कोर्दोव्हाच्या बाजारात समोरासमोर आली. स्पॅनिश भाषेने अरबीकडून भरमसाट शब्द घेतले. शहराच्या प्रमुखाला ते ‘आल्काल्दे’ म्हणतात, तो अरबी ‘अल्-काजी’. कापसाला ‘आल्गोदोन’, तो ‘अल्-कुत्न’. साखर ‘आसूकार’, ती ‘अस्-सुक्कर’. पण ‘कलम’ त्यांनी घेतली नाही, कारण त्यांच्याकडे लॅटिनकडून आलेला ‘कालामो’ होताच. तो आज काव्यात किंवा जुन्या वळणाच्या लेखनातच भेटतो. रोजच्या बोलण्यात ‘प्लुमा’ म्हणजे पीस, हाच शब्द चालतो. ‘कारामियो’ नावाची त्यांची एक लहान बासरी आहे, ती याच बोरूची नात. सर्वांत मजेदार नातलग समुद्रात आहे. म्हाकुळ नावाचा जो जलचर आपल्या कोकणात खातात, त्याला स्पॅनिशमध्ये ‘कालामार’ म्हणतात. हे नाव लॅटिनमधल्या कलमदानाच्या नावावरून इटालियनमार्गे आले. म्हाकुळाच्या पोटात काळी शाई असते आणि पाठीत पिसासारखे एक पाते असते. दौत आणि लेखणी दोन्ही बरोबर घेऊन पोहणारा हा प्राणी, त्याला कलमदान म्हटले यात नवल नाही.

कलम अरबीतून घेतली नाही तरी कागदाची विद्या स्पेनने अरबांकडूनच घेतली. बाराव्या शतकात अल्-इद्रीसी या भूगोलकाराने शातिबा गावच्या कागदाची वाखाणणी केली आहे. हे गाव आज व्हॅलेन्सियाजवळ हातिवा नावाने ओळखले जाते. कागदाच्या गठ्ठ्याला अरबीत ‘रिज्मा’ म्हणत, त्याचे स्पॅनिशमध्ये ‘रेस्मा’ झाले, आणि तेच फिरत फिरत आपल्या शाळेच्या कार्यालयात ‘रीम’ म्हणून येऊन बसले आहे. शिपायाला आपण एक रीम कागद आणायला पाठवतो तेव्हा तो अंदालुसियाचा अरबी शब्द घेऊन बल्लारपूरचा कागद आणायला जातो.

आता समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊ. मोंबासा, लामू, झांझिबार या बंदरांत जी भाषा वाढली ती स्वाहिली. तिचा सांगाडा बांटू भाषांचा, पण व्यापार, धर्म, लेखन, न्याय यांचे कितीतरी शब्द अरबी. कोकणातली काही मुसलमान कुटुंबे या बाजूला जाऊन स्थायिक झाली. तिथल्या शाळेत मूल गेले तर त्याला निम्मे दप्तर ओळखीचे वाटेल. लेखणीला स्वाहिलीत ‘कलामु’ म्हणतात. पुस्तक ‘किताबु’, वही ‘दफ्तारी’, हिशेब ‘हेसाबु’, वकील ‘वाकिली’, आणि न्यायालय ‘महाकामा’, म्हणजे आपला ‘महकमा’. मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे चामडे. चामड्यावर लिहीत म्हणून फारसी-अरबीत ‘दफ्तर’ म्हणजे नोंदवही झाली. स्वाहिलीत ती मुलाची वही झाली, मराठीत मुलाची पिशवी झाली. सरकारी दप्तर आणि शाळेचे दप्तर यांत आपल्याला काही विचित्र वाटत नाही, पण परक्याला हे समजावून सांगताना घाम फुटतो.

स्वाहिली भाषेने ‘किताबु’चे तर असे काही केले की, अरबी पंडिताने कपाळाला हात लावावा. त्या भाषेत ‘कि’ने सुरू होणाऱ्या नामाचे अनेकवचन ‘वि’ लावून होते. तेव्हा एक पुस्तक ‘किताबु’, अनेक पुस्तके ‘विताबु’! ‘कलामु’ मात्र एक असो वा दहा, तशीच राहते. शिसपेन्सिलीला ते ‘कलामु या रिसासी’ म्हणतात, म्हणजे शिशाची कलम. आपली ‘शिस’पेन्सिल आणि त्यांची ‘रिसासी’ यांचा अर्थ एकच. शिवाय स्वाहिलीत बंदुकीच्या गोळीलाही ‘रिसासी’च म्हणतात. पाते बेटावरच्या म्वाना कुपोना नावाच्या बाईने १८५८ साली आपल्या मुलीसाठी एक दीर्घ उपदेशपर काव्य रचले, ते स्वाहिलीतले नामांकित काव्य आहे. आजारी आई मुलीला शाई आणि कागद घेऊन जवळ बसायला सांगते, अशी त्याची सुरुवात आहे. मुलगी लिहू शकते, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. साल पुन्हा सांगतो, १८५८. त्या वर्षी आपल्या चांदा जिल्ह्यात किती मुलींच्या हाती बोरू असेल, याचा विचार मुलींच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने जरूर करावा.

एक गोष्ट स्वाहिली ‘कलामु’ने केली नाही. ती लेखणीच राहिली. कायद्याच्या कलमाला त्या भाषेत ‘किफुंगु’ हा बांटू शब्द आहे आणि बांबूला ‘म्वान्झी’. गवत, लेखणी आणि कायदा ही तिन्ही माणसे तिथे एका नावाने ओळखली जात नाहीत.

आपल्याकडे मात्र मामला गुंतागुंतीचा आहे. संस्कृतमध्ये ‘कलम’ शब्द आहे आणि त्याचा प्रसिद्ध अर्थ भाताची एक जात. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात वंगदेशच्या राजांना या कलम भाताची उपमा दिली आहे. रघूने त्यांना उपटले आणि पुन्हा आपल्या जागी रोवले, तेव्हा ते वाकून फळ देऊ लागले. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी या भागातल्या श्रोत्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको. पऱ्हे उपटून बांधीत रोवणी करणारी माणसे त्यांनी दरवर्षी पाहिली आहेत. संस्कृत कोशांत ‘कलम’चा लेखणी असाही अर्थ मिळतो. तो ग्रीकांकडून आला असावा, असे काही पंडित म्हणतात. भाताचा दांडाही गवताचाच, तेव्हा दोन्ही अर्थ शेजारी नांदायला हरकत नाही.

पण मराठीतले कलम आले ते मुख्यतः फारसी राजवटीच्या वाटेने. मोगल दरबारात दोन वर्ग मानत, तलवारीचे लोक ‘अहले-सैफ’ आणि लेखणीचे लोक ‘अहले-कलम’. दौत, शाई, कागद, दप्तर, कलमदान हा सगळा संसार एकदमच आला. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश तयार करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देवविले. त्यातले काही रुजले, काही कोशातच राहिले. ‘कलम’ टिकले, कारण त्याला फारसीतून दोन जादा अर्थ मिळाले होते. पहिला तो छाटण्याचा. शिर कलम केले, असे आपण बखरीच्या थाटात म्हणतो. तोच काप फांदीला दिला की आंब्याचे कलम. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात आंब्याची कलमे बांधण्याचे काम जोरात झाले आणि हापूसला आल्फोन्सो नाव मिळाले, पण बांधलेल्या रोपाला मराठी माणसाने पोर्तुगीज नाव दिले नाही, ‘कलम’च म्हटले. दुसरा अर्थ कागदावरचा. पत्रात, तहात, हिशेबात एकेक बाब सुटी करून लिहायची, तिला कलम म्हणायचे. तुर्की भाषेतही ‘कालेम’ला बाब, रक्कम असा अर्थ आहे. आपल्या मोडी कागदांतून ‘कलमे’ अशीच येतात. इंग्रजी कायदे मराठीत आले तेव्हा त्यांच्या पोटविभागांसाठी नवा शब्द शोधायची गरज पडली नाही, मोडी दप्तरातला तयार शब्द बसवला.

आता आपण घरी आलो.

चंद्रपूर आणि गडचिरोली, म्हणजे १९८२ सालापर्यंतचा एकच जिल्हा, हे बांबूचे घर. इथल्या जंगलातला जो मुख्य बांबू, मानवेल, त्याला वनस्पतिशास्त्रात ‘डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस’ असे नाव आहे. नाव नीट ऐका. ‘डेन्ड्रॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये झाड, आणि पुढचा ‘कॅलॅमस’ म्हणजे आपले कलम, बोरू. झाडबोरू! ज्या शास्त्रज्ञाने हे नाव दिले त्याला ते गवत आहे हे पुरते ठाऊक होते, पण त्याची उंची पाहून त्याने झाड हा शब्द पुढे जोडला. बांबू हा गवताच्या कुळातला, भात, गहू, ज्वारी यांचा भाऊबंद. अमरकोशाने बांबूला ‘तृणध्वज’ म्हटले आहे. वर्षानुवर्षांनी त्याला फुलोरा येतो तो गवतासारखा, आणि फुलोरा आला की धान्याच्या ताटासारखा तो मरतो. झाडीपट्टीतल्या माणसाला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पावसाळ्यात तो वास्त्याची भाजी खातो. सूप, टोपली, ढोली, ताटवा, कुंपण, घराचे छत, मांडव, शेवटची तिरडी, सगळे बांबूचे. बुरूड समाजाचे तर पूर्ण जीवन त्या एका गवतावर.

याच बांबूचा लगदा करून बल्लारपूरच्या कारखान्याने कागद केला. कंपनी १९४५ सालची. म्हणजे आपल्या जिल्ह्यात लिहिणाऱ्याच्या हातात कलम आणि हाताखालीही कलमच, गवतावर गवताने लिहिणे.

आणि त्या कागदावर लिहिले काय? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात व्याख्या आहेत. ‘झाड’ या शब्दात ताड-माड, बांबू, खुंट, झुडूप आणि वेत यांचा समावेश होतो, असे तिथे लिहिले. सेव्हिलच्या इसिदोरने बोरूला झाड म्हटले ते विद्वत्तेच्या भरात. इथे तेच काम कायद्याने केले. याच कलमात झाडांखेरीजच्या वनस्पतींची दुसरी यादी आहे, तिच्यात गवत, वेली आणि बोरू आहेत. म्हणजे बारीक बोरू गवतात राहिला आणि त्याच्या थोरल्या भावाला उचलून झाडांत बसवले. या अधिनियमाच्या कित्येक प्रतींत खुंट या अर्थाच्या ‘स्टम्प्स’ या शब्दाच्या जागी ‘स्कम्प्स’ असे काहीतरी छापलेले आढळते. हा लाप्सुस कालामी. पण ‘बांबू’ हा शब्द बोरू घसरून पडलेला नव्हता, तो समजून-उमजून घातलेला होता.

त्याने काय झाले? कायद्याच्या दुसऱ्या एका व्याख्येप्रमाणे तोडलेले झाड म्हणजे इमारती लाकूड. बांबू झाड ठरला की कापलेला बांबू इमारती लाकूड ठरतो. इमारती लाकूड हलवायचे तर वाहतूक परवाना पाहिजे. स्वतःच्या शेताच्या बांधावरचा बांबू तोडून बाजारात न्यायचा तरी परवाना. जंगलातल्या बांबूवर गावाचा हक्क विचारला तर उत्तर तयार असे : गौण वनोपजावर तुमचा हक्क असेल, पण इमारती लाकूड हे गौण नव्हे. बुरुडाला सवलतीच्या दराने मोजून बांबू मिळे, आणि ती मोजणी वनखात्याच्या हातात असे.

जुन्या कागदांत गावाच्या बाजूने काहीच नव्हते असे मात्र नाही. मध्यप्रांताच्या काळापासून आपल्याकडे गावोगाव दोन कागद असत, ‘निस्तारपत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये ते कलम १६१ आणि कलम १६५ या ठिकाणी आजही आहेत. वाजिब-उल-अर्ज हा शुद्ध अरबी शब्द, अर्थ : जे मांडणे योग्य आहे ते. चराई, जळण, रस्ते, मासेमारी यांसंबंधी गावाचे रिवाज त्यात कलमवार लिहायचे. ज्या गोंड गावात अरबीचे एक अक्षर कोणी ऐकलेले नाही, त्या गावाची वहिवाट अरबी नावाच्या कागदात नोंदलेली आहे. आपल्या मुलांना घरात हे दोन्ही शब्द अर्थासकट कळतात. अशी मुले या जिल्ह्यांत वकील झाली, तलाठी झाली, तर पलीकडच्या पाड्यावरच्या माणसाला तो कागद उलगडून सांगू शकतील, असा एक हिशेबी विचार माझ्या मनात येतो.

२००६ साली वनहक्क मान्यता अधिनियम झाला. त्याच्याही दुसऱ्याच कलमात व्याख्या आहेत. तिथे ‘गौण वनोपज’ या शब्दाखाली बांबू, झुडूप, खुंट आणि वेत यांची नावे ओळीने येतात, मग कोष, मध, लाख, तेंदूपान वगैरे. यादी पुन्हा वाचून पाहा. १९२७ च्या दुसऱ्या कलमात ‘झाड’ या खात्यावर जी मंडळी होती, त्यांतल्या ताड-माडाखेरीज तीच मंडळी २००६ च्या दुसऱ्या कलमात ‘लाकूड नसलेले’ या खात्यावर आली. (आणि इथे ‘खुंट’ बरोबर छापले आहे.) एका कायद्याने झाड, दुसऱ्याने झाड नव्हे, आणि दोन्ही कायदे एकाच वेळी अंमलात.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला या अधिनियमाखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे त्या कामामुळे सर्वांना परिचित आहेत. हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायला परवाना मिळेना, कारण वनखाते बोट ठेवीत होते १९२७ च्या कलमावर आणि ग्रामसभा बोट ठेवीत होती २००६ च्या कलमावर. त्या सभांत गावकरी जे बोलत होते ते तत्त्वतः भाषाशास्त्रच होते : बांबू गवत आहे की झाड? अखेर २०११ च्या मार्चमध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्रे लिहून बांबू हे गौण वनोपज आहे असे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली केले. परवाना देणारा हात बदलला. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, नियमांतही तशी दुरुस्ती झाली आणि परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यावा असे ठरले. आपल्याच बांबूला आपणच कलम चालवून वाट करून द्यायची, हे दृश्य मेंढ्याने देशाला आधी दाखवले. तिथल्या पोरांना त्यासाठी पावती भरणे, मोजमाप लिहिणे, हिशेबवही ठेवणे शिकावे लागले. साक्षरतेचा याहून रोकडा उपयोग मला ठाऊक नाही.

राहता राहिली १९२७ ची व्याख्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये आधी अध्यादेश निघाला आणि मग संसदेने दुरुस्ती मंजूर केली. दुरुस्ती एका ओळीची आहे : ‘बांबू’ हा शब्द गाळावा. नव्वद वर्षे झाड असलेले गवत त्या एका ओळीने पुन्हा गवत झाले, आणि शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू वन अधिनियमाच्या परवान्यातून सुटला. जंगलातला बांबू मात्र वनोपजच राहिला, कारण जंगलात उगवलेले गवतही वनोपजच असते. तिथे आधार २००६ च्या कायद्याचा आणि गावाने दावा करून मिळवलेल्या हक्काचा. सामूहिक हक्काचे दावे दाखल करताना गावाला नकाशा, पुरावे, ठराव, सह्या सगळे कागदावर उभे करावे लागते, आणि कागद अपुरा असला तर दावा परत येतो.

वेळ संपत आली आहे, म्हणून एवढेच सांगतो. २०१७ च्या दुरुस्तीने ‘बांबू’ गाळला, पण त्याच ओळीतला ‘वेत’ गाळला नाही. जुन्या मास्तरांच्या हातात जो असे, तोच हा वेत. वनस्पतिशास्त्रात वेताच्या वंशाला नाव आहे नुसते ‘कॅलॅमस’, पुढेमागे काहीही न जोडता. तेव्हा ‘कलम’ हे ज्याचे साक्षात नाव आहे, त्या वनस्पतीला त्या दुरुस्तीने वन अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात झाड म्हणूनच ठेवले आहे.